मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची हद्द

मुंबईचे सुप्रीम कोर्ट ८ मे १८२४ रोजी सुरू झाले आणि १८६२ मध्ये हायकोर्टात विलीन झाले. या ३८ वर्षांपैकी पहिल्या सहाच वर्षांत एक प्रश्न पश्चिम हिंदुस्थानात उघडपणे लढला गेला: न्यायालयाने सरकारला जाब विचारायचा तो कुठवर? त्या लढ्यात कोर्टाला एक जय मिळाला आणि दोन मोठे पराभव पत्करावे लागले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे पुणे, ठाणे, सातारा किंवा धारवाडच्या माणसाला सरकारविरुद्ध कोणत्या न्यायालयाचे दार ठोठावता येईल, हे त्या पराभवांनीच ठरवले.

या भांडणाचे मूळ जुने आहे. मुंबई बेट १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आले आणि गव्हर्नर जेरल्ड ऑंजिअर यांनी १६७२ मध्ये तेथे इंग्रजी कायद्याप्रमाणे चालणारे न्यायालय उभे केले. न्यायाधीश मात्र कंपनीचा नोकर होता आणि कंपनीला वाटेल तेव्हा त्याला घरी बसावे लागे. लंडनमध्ये कंपनीची सूत्रे हाती असलेल्या सर जोसाया चाइल्ड यांनी मुंबईला न्यायाधीश म्हणून निघालेल्या व्हॉक्स यांना काय बजावले, याची हकिकत प्रवासी अलेक्झांडर हॅमिल्टन याने लिहून ठेवली आहे. इंग्लंडचे कायदे म्हणजे अडाणी जहागीरदारांनी केलेला घोळ आहे, व्हॉक्स यांनी त्यांवर विसंबू नये, कंपनीचे हुकूम हाच कायदा मानावा, असा त्या तंबीचा आशय होता. हॅमिल्टन कंपनीचा मित्र नव्हता हे लक्षात घेतले, तरी त्या काळचा कारभार पाहता ही हकिकत खोटी वाटत नाही.

१७२६ च्या सनदेने चित्र पालटले. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयर्स कोर्टे स्थापन झाली. त्यांचे अधिकार थेट राजाकडून आलेले असल्याने गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल त्यांना कंपनीच्या कचेरीसारखे वागवू शकत नव्हते. मुंबईत पहिला खटका लवकरच उडाला. १७३० मध्ये शिंपी जातीतल्या एका बाईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिचा बारा वर्षांचा मुलगा तिला सोडून हिंदू नातलगांकडे राहायला गेला. मेयर्स कोर्टाने मुलगा आईच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. जातीच्या पुढाऱ्यांनी गव्हर्नरकडे तक्रार नेली आणि कौन्सिलने कोर्टाला सुनावले की देशी लोकांच्या धर्माच्या व जातीच्या बाबतीत त्याला काहीही अधिकार नाही. कोर्टाला हे मान्य नव्हते. शेवटी १७५३ च्या सुधारित सनदेने कौन्सिलची बाजू उचलून धरली: दोन्ही पक्ष राजी असल्याखेरीज देशी लोकांचे आपसांतले दावे मेयर्स कोर्टाने ऐकू नयेत, असे ठरले. एका मुलाच्या ताब्यावरून पेटलेला हा वाद जवळजवळ शंभर वर्षांनी, दुसऱ्या एका मुलाच्या ताब्यावरून, कितीतरी मोठ्या प्रमाणावर पुन्हा पेटणार होता.

त्याआधी कलकत्त्यात जे घडले, त्याची सावली मुंबईवर पडली. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार १७७४ मध्ये कलकत्त्यात सुप्रीम कोर्ट आले. सर एलिजा इम्पी हे त्याचे मुख्य न्यायाधीश. राजाचे हे कोर्ट आणि कंपनीचे कौन्सिल यांच्या अधिकारांची सीमारेषा कायद्यात कोठेच नीट आखलेली नव्हती. पाटण्याच्या खटल्यात नादिरा बेगम या विधवेने नवऱ्याच्या मालमत्तेवरून त्याचा पुतण्या बहादूर बेग आणि कंपनीच्या अदालतीचे काझी व मुफ्ती यांच्यावर दावा लावला. कंपनीच्या पाटण्याच्या कौन्सिलने प्रकरणाचा निकाल देण्याचे काम परस्पर काझी-मुफ्तींवर सोपवले होते. ज्याच्याकडे अधिकार सोपवला आहे त्याने तो आणखी तिसऱ्यावर सोपवू नये, असे म्हणून सुप्रीम कोर्टाने १७७९ मध्ये बेगमेला तीन लाख रुपयांची नुकसानभरपाई देवविली. आपले काम केल्याबद्दल काझी-मुफ्तींना अटक झाली आणि म्हातारा काझी कलकत्त्याच्या वाटेवरच वारला. कायद्याच्या दृष्टीने निकाल सबळ होता. माणसांच्या दृष्टीने तो क्रूर ठरला.

त्यापाठोपाठ काशिजोऱ्याचे प्रकरण झाले. काशिजोऱ्याच्या राजाकडे काशीनाथबाबू या सावकाराचे पैसे थकले होते. त्याच्या दाव्यावरून सुप्रीम कोर्टाने शेरीफची माणसे राजाच्या घरावर धाडली. ती देवघरात आणि जनानखान्यातही शिरली. जमीनदारांनी या कोर्टाचा अंमल मानू नये, असे कौन्सिलने कळवले होतेच. आता त्याने फौज पाठवून शेरीफच्या माणसांनाच कैद केले. इंग्लंडच्या राजाचे न्यायालय आणि त्याच राजाच्या सनदेवर राज्य करणारी कंपनी समोरासमोर हत्यारे घेऊन उभी राहिली, अशी ही हिंदुस्थानातली पहिली वेळ. पार्लमेंटने १७८१ मध्ये कायदा करून निर्णय दिला. गव्हर्नर जनरल आणि कौन्सिल यांनी अधिकाराच्या नात्याने केलेल्या गोष्टी, तसेच महसूल आणि त्याची वसुली, या बाबी सुप्रीम कोर्टाच्या कक्षेबाहेर गेल्या. मुंबईत सुप्रीम कोर्ट आले तेव्हा हे अपवाद त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेले होते.

मुंबईत १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट होते. त्याच्या जागी १८२३ चा कायदा आणि ८ डिसेंबर १८२३ ची सनद यांनुसार सुप्रीम कोर्ट आले. सर एडवर्ड वेस्ट मुख्य न्यायाधीश झाले. सर राल्फ राइस आणि सर चार्ल्स चेंबर्स त्यांचे सहकारी. कोर्ट भरत असे ते अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये. वेस्ट हे अर्थशास्त्राच्या इतिहासातही ओळखले जातात. जमिनीच्या खंडाचा सिद्धांत त्यांनी १८१५ मध्ये, रिकार्डो आणि माल्थस यांच्या बरोबरीनेच मांडला होता. मुंबईत मात्र त्यांचे नाव झाले ते सरकारच्या डोळ्यांत खुपणारे न्यायाधीश म्हणून. शहरातले पोलीस मॅजिस्ट्रेट खटल्याशिवाय फटके मारण्याच्या शिक्षा देत, त्यावर त्यांनी जाहीर कोरडे ओढले. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लहानशा समाजात याचा परिणाम मेजवान्यांच्या निमंत्रणांपर्यंत जाऊन पोहोचला.

सनदेने कोर्टाला दोन गोष्टी दिल्या होत्या आणि पुढचा सारा संघर्ष त्यांच्याभोवती फिरला. पहिली अशी: मुंबई शहरासाठी गव्हर्नर-इन-कौन्सिलने केलेले नियम सुप्रीम कोर्टात नोंदवले गेले तरच अमलात येत. दुसरी अशी: इंग्लंडमध्ये किंग्ज बेंच या वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांना जे अधिकार आहेत, तेच मुंबईच्या न्यायाधीशांना आहेत, असे सनदेत म्हटले होते. कोर्टाची हद्द मुंबई शहर आणि बेट एवढीच होती. त्याबाहेर इलाख्यातल्या ब्रिटिश प्रजाजनांवर आणि कंपनीच्या नोकरीतल्या माणसांवर त्याचा अधिकार चाले. बाकीच्या लोकांसाठी मोफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, कंपनीच्या अदालती होत्या. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२७ मध्ये त्यांचे नियम एका संहितेत आणून दिले.

पहिल्या अधिकाराचा कस १८२६ मध्ये लागला. वृत्तपत्रांना परवाना सक्तीचा करणारे नियम कलकत्त्यात १८२३ मध्येच झाले होते. राममोहन रॉय आणि त्यांच्या मित्रांनी त्यांविरुद्ध तिथल्या सुप्रीम कोर्टात निवेदन केले. न्यायाधीश मॅकनॉटन यांनी ते फेटाळून नियमांची नोंद केली आणि राममोहन यांनी आपले ‘मिरात-उल-अखबार’ बंद केले. तेच नियम मुंबई सरकारने लागू करायचे ठरवले, तेव्हा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्यांची नोंद करण्यास नकार दिला. नोंद नाही म्हणजे नियम नाही. मुंबईतली छापखाना चालवणारी माणसे त्या परवान्यातून सुटली. कार्यकारी सत्तेने केलेला कायदा न्यायालयाने रोखून धरण्याचे हे ठळक उदाहरण आहे आणि ते मराठी मुलखाच्या दारात घडले. त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये याच परवानामुक्त शहरात निघाले.

दुसऱ्या अधिकारावरून झालेला वाद मात्र सरकार आणि कोर्ट या दोघांनाही हादरवून गेला. मोरो रघुनाथ हा पुण्यातला सुमारे चौदा वर्षांचा मुलगा. पांडुरंग रामचंद्र या मातब्बर नातलगाच्या ताब्यात तो होता. पेशवाईत ज्यांचा शब्द चाले आणि इंग्रजांनीही ज्यांचा मान राखण्याचे आश्वासन दिले होते, अशा लोकांपैकी हे गृहस्थ. मुलाला त्याच्या मनाविरुद्ध डांबून ठेवले आहे, असा अर्ज १८२८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला आणि कोर्टाने पांडुरंग रामचंद्र यांच्या नावे हेबियस कॉर्पसचे रिट काढले. त्याच सुमारास बापू गणेश या कैद्यासाठी ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर असेच रिट निघाले. बापू गणेश कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने तुरुंगात होता. पुणे आणि ठाणे ही दोन्ही ठिकाणे मुंबई बेटाच्या बाहेरची.

हेबियस कॉर्पसचे रिट म्हणजे राजाच्या नावाने काढलेला हुकूम. अमुक माणूस तुझ्या ताब्यात आहे, त्याला अमुक दिवशी न्यायाधीशांपुढे सदेह हजर कर आणि कोणत्या कारणाने त्याला धरून ठेवले आहेस ते लिहून दे, एवढाच त्याचा मजकूर असतो. ताब्यात ठेवणाऱ्याने द्यायचे ते लेखी उत्तर म्हणजे ‘रिटर्न’. कारण कायदेशीर ठरले तर कैदी परत जातो, नाहीतर तिथल्या तिथे मोकळा होतो. उत्तर आले नाही तर दुसरे रिट निघते, मग तिसरे, आणि तरीही दाद लागली नाही तर हुकूम मोडणाऱ्यालाच पकडून आणण्याचा आदेश होतो. या शेवटच्या पायरीवर सगळे येऊन थांबते. पकडायला माणसे लागतात. कोर्टाच्या शेरीफच्या हाताखाली मोजके बेलीफ होते. पुण्यातल्या बड्या वाड्यातून त्याच्या मालकाला धरून आणायचे तर गव्हर्नरची मदत घ्यावीच लागणार होती.

गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. १८१८ मध्ये बाजीरावाला शरण आणणारे आणि मराठी सरदारांच्या मनाची नस ओळखण्याचा दावा करणारे हे गृहस्थ. दख्खन ताब्यात येऊन उणीपुरी दहा वर्षे झाली होती. बड्या घराण्यांना साध्या अदालतींच्या फेऱ्यांतूनही मोकळीक दिलेली असताना मुंबईच्या इंग्रज कोर्टाने त्यांच्या घरातल्या मुलांचा जाब मागावा, हे माल्कम यांना राज्याच्या मुळावर घाव घालण्यासारखे वाटले. त्यांनी पुण्यातल्या अधिकाऱ्यांना रिटाची दखल न घेण्याचे हुकूम दिले. दरम्यान १८ ऑगस्ट १८२८ रोजी वेस्ट यांचा मृत्यू झाला. मागे राहिले चेंबर्स आणि त्याच वर्षी आलेले सर जॉन पीटर ग्रँट.

३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर आणि त्यांच्या कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र लिहिले. मोफसलातल्या अदालतींच्या अधिकाऱ्यांवर किंवा शहराबाहेर राहणाऱ्या देशी लोकांवर काढलेल्या रिटांना उत्तर द्यायचे नाही, असे सरकारने ठरवले आहे. इंग्लंडहून निर्णय येईपर्यंत न्यायाधीशांनी थांबावे, असे त्यात सांगितले होते. चेंबर्स आणि ग्रँट यांनी ६ ऑक्टोबरला भर कोर्टात या पत्राचा समाचार घेतला. न्यायालयापुढे गव्हर्नरचा दर्जा इतर कोणत्याही पक्षकाराइतकाच. त्याला काही म्हणायचे असेल तर त्याने रीतसर अर्ज करावा, खाजगी पत्राने न्यायाधीशांना वळवू पाहू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मुंबईत राजसत्तेच्या तोंडावर न्यायालयाने इतके स्पष्ट यापूर्वी कधी ऐकवले नव्हते. आठवडाभरातच चेंबर्सही वारले आणि कोर्टात ग्रँट एकटे उरले.

ग्रँट मागे हटले नाहीत. १८२९ च्या सुरुवातीला त्यांनी मोरो रघुनाथसाठी तिसरे रिट काढले. उत्तर आले नाही. हुकूम मोडणाऱ्याला धरण्यासाठी मदत मागितली, ती सरकारने नाकारली. तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँट यांनी सुप्रीम कोर्टाचे सर्व विभाग बंद केले. ज्या कोर्टाचे हुकूम सरकार पाळू देत नाही, ते कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. तत्त्व म्हणून ती ताठ होती. पण त्या दिवशी कुलूप लागले ते मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या दाव्यांना, वारसांच्या अर्जांना आणि तुरुंगात खटल्याची वाट पाहणाऱ्या आरोपींना. माल्कम यांचे त्यात काहीच अडले नाही. न्यायालयाचा मान राखण्यासाठी पक्षकारांना दाराबाहेर ठेवणे ही ग्रँट यांची चूक होती, मग त्यांचा मूळ मुद्दा कितीही न्याय्य असो.

आणि मूळ मुद्दा न्याय्य होता. एखादा माणूस कोणत्या कायद्याने कोंडला गेला आहे हे विचारण्याचा अधिकार किंग्ज बेंचला आहे आणि सनदेने तोच अधिकार मुंबईच्या न्यायाधीशांना दिला आहे, असे ग्रँट म्हणत होते. पुणे त्या वेळी राजाच्याच सत्तेखाली होते. मग पुण्यातला मुलगा राजाच्या रिटाला पारखा का? शहरात राहणाऱ्याला एक न्याय आणि घाटावर राहणाऱ्याला दुसरा, ही विभागणी सनदेतल्या त्या शब्दांशी जुळत नव्हती. माल्कम यांची भीती खरी असेलही, पण ती राज्यकर्त्याची भीती होती, कायद्याचे उत्तर नव्हते.

लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कम यांची पाठ थोपटली. मुंबईत दोन नवे न्यायाधीश, ड्यूअर आणि सीमोर, नेमल्याचे कळवताना ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये उभा केलेला रानहत्ती होईल, असे त्यांनी लिहिले. हे खाजगी पत्र फुटून छापले गेले आणि न्यायाधीश कशासाठी निवडले जातात हे सगळ्यांना कळून चुकले. ग्रँट यांचा अर्ज लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायसंस्थेपुढे, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलपुढे, गेला. कौन्सिलने १८२९ सालीच निर्णय दिला आणि तो मोजक्या मुद्द्यांचा होता. शहराच्या हद्दीबाहेरच्या आणि कोर्टाच्या अधिकाराखाली व्यक्तिशः न येणाऱ्या माणसावर सुप्रीम कोर्टाला हेबियस कॉर्पस काढता येत नाही. देशी अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्याकडून कैद्याचा जाब घेता येत नाही, त्या अदालतीच्या हुकमाने कैदेत असलेल्याला सोडता येत नाही. दोन्ही रिटे अयोग्य होती. ग्रँट यांनी मुंबई सोडली आणि कलकत्त्यात वकिली सुरू केली. पुढे १८३३ मध्ये ते तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

दुसरा पराभव १८३० मध्ये झाला आणि त्याचा संबंध पेशवाईच्या अखेरीशी आहे. नारो गोविंद औटी हे बाजीरावाचे खजिनदार आणि रायगडाचे किल्लेदार. मे १८१८ मध्ये रायगड कर्नल प्रॉथर यांच्या हवाली झाला, तेव्हा आतल्या लोकांनी आपली खाजगी मालमत्ता न्यावी असे ठरले होते. पुढे कॅप्टन रॉबर्टसन यांनी पुण्यात औटींकडची मोठी रक्कम ताब्यात घेतली. हा पेशव्याचा खजिना आहे असे सरकारचे म्हणणे, ही आमची खाजगी संपत्ती आहे असे औटींचे. औटींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारे अमरचंद बद्रीचंद यांनी खुद्द माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि रॉबर्टसन यांच्यावर सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. दख्खन जिंकणाऱ्या माणसाविरुद्ध दख्खनच्याच एका पराभूत कारभाऱ्याच्या बाजूने निकाल लागला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. युद्ध पुरते संपले नसताना केलेली ही जप्ती आहे, ती शत्रूच्या मालमत्तेवरची आहे, आणि तिचा विचार करणे दिवाणी न्यायालयाचे काम नाही, असे कौन्सिलने म्हटले. ‘राज्यकृत्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तत्त्वाचा पुढे संस्थाने खालसा होण्याच्या प्रकरणांत सरकारला फार उपयोग झाला.

१८३३ च्या चार्टर ॲक्टने पहिला अधिकारही संपवला. कायदे करण्याची सत्ता गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडे गेली आणि त्या कायद्यांना सुप्रीम कोर्टात नोंद होण्याची गरज उरली नाही. १८२६ सारखा नकार पुन्हा देण्याची संधी मुंबईच्या न्यायाधीशांना मिळाली नाही.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई हायकोर्टाचे काम सुरू झाले. सर मॅथ्यू सॉस पहिले मुख्य न्यायाधीश. सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या सदर अदालती यात एकत्र आल्या, पण दोन्हींचे स्वभाव वेगळे राहिले. मूळ दावे ऐकणाऱ्या ओरिजिनल साइडला सुप्रीम कोर्टाचा वारसा मिळाला, म्हणजे किंग्ज बेंचचे अधिकार आणि त्यांवरची बेटाची मर्यादा दोन्ही. अपेलेट साइड इलाखाभरच्या कोर्टांवर देखरेख करी, अपिले ऐकी. पण मामलेदार, कलेक्टर किंवा सरकार यांना रिटाने जाब विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. जमीन महसुलाच्या बाबी तर १८७६ च्या कायद्याने दिवाणी कोर्टांच्या हातातून बव्हंशी काढूनच घेतल्या. शेतकऱ्यांच्या मुलखात शेतसाऱ्याविरुद्ध दाद मागता येत नसेल, तर न्यायालयाचा केवढासा आधार राहतो, याची कल्पना करता येईल.

१८२९ च्या निर्णयाची किंमत पुण्याने १८९७ मध्ये मोजली. प्लेगच्या दिवसांत प्लेग अधिकारी रँड यांचा खून झाल्यानंतर जुलैमध्ये सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही. १८२७ चा २५ वा मुंबई रेग्युलेशन सरकारला अशी कैद घालण्याची मुभा देत होता आणि त्या कैदेचा जाब विचारणारे कोर्ट नव्हते. १८९९ मध्ये सरकारने स्वतःच्या मर्जीने त्यांना सोडले. नातूंच्या अटकेच्याच वर्षी, १८९७ मध्ये, टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबईत चालला. शिक्षा झालीच, पण खटला कोर्टात असल्यामुळे निदान न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी टिळकांना जामीन देऊ शकले. नातूंच्या बाबतीत तेवढीही वाट नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४९१ व्या कलमाने हेबियस कॉर्पससारखा अधिकार दिला तो प्रेसिडेन्सी शहरांच्या हद्दीपुरता, आणि या रेग्युलेशनखालच्या कैद्यांना त्यातून नाव घेऊन वगळले.

ही भिंत हळूहळू पडली. १९२३ च्या दुरुस्तीने ४९१ वे कलम सर्व हायकोर्टांच्या अपिलाच्या हद्दीला लागू झाले, म्हणजे मोरो रघुनाथच्या जागी असलेल्या मुलासाठी मुंबईला अर्ज करता येऊ लागला. पहिल्या रिटानंतर ९५ वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात नागपूर हायकोर्टाने विमलाबाई देशपांडे यांच्या अर्जावर डिफेन्स ऑफ इंडिया नियमांखालची अटक बेकायदा ठरवली. सरकारने अपील केले. संशयाला सबळ कारण होते हे पोलिसांनीच दाखवून द्यायला हवे, असे सांगून प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये नागपूरचा निकाल कायम केला. चेंबर्स आणि ग्रँट यांनी ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला विचारलेला प्रश्न हाच होता. अन्य रिटांची कथा वेगळी. पर्लाकिमेडीच्या जमीनदारीतल्या रयतांच्या खंडाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९४३ मध्ये जुन्या सुप्रीम कोर्टांच्या सनदा पुन्हा उलगडल्या आणि मद्रास शहराबाहेरच्या बाबतीत तिथल्या हायकोर्टाला सर्शिओरारीचे, म्हणजे खालचा निर्णय मागवून तपासण्याचे व रद्द करण्याचे, रिट काढता येत नाही, असा निर्णय दिला. राज्यकारभार कितीतरी बदलला होता; रिटाची हद्द मात्र अजून शहराच्या वेशीवरच थांबत होती.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ने ती वेस पुसून टाकली. हायकोर्टाला आपल्या संपूर्ण प्रदेशात, कोणत्याही व्यक्तीवर किंवा प्राधिकाऱ्यावर, योग्य बाबतीत खुद्द सरकारवरही, रिट काढण्याचा अधिकार मिळाला. १७८१ पासून गव्हर्नर आणि कौन्सिल यांना असलेले संरक्षण आणि १८२९ पासूनची बेटाची मर्यादा, दोन्ही एकाच वेळी गेली. १९७३ मध्ये नवी फौजदारी प्रक्रिया संहिता झाली, तेव्हा ४९१ व्या कलमाची गरज उरली नव्हती आणि ते तीत घेण्यात आले नाही.